दोन ते आठ

हा माणूस ओळखायची खूण सोपी आहे. बोलताना तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, डाव्या दंडाकडे बघतो. तिथे बीसीजीचा वण दिसला तर त्याची मुद्रा जरा निवळते. नाही दिसला तर तुमच्या आईवडिलांविषयी मनातल्या मनात एक शेरा मारला जातो. लग्नाचा मांडव असो, एस.टी.तली गर्दी असो, यात्रेतली कुस्ती असो, त्याची नजर दंडावर. आखाड्यात पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा लोक त्याची बेटकुळी बघतात, हा म्हणतो, "वण चांगला उमटलाय. टोचणारीचा हात बसलेला होता."

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक असतोच. कागदावर तो आरोग्य सहायक असेल, औषध निर्माण अधिकारी असेल, एखाद्या ठिकाणी तो चक्क बाई असेल. सरकारी भाषेत त्याला 'शीतसाखळी हाताळणारा' म्हणतात, गावात अण्णा म्हणतात. मी सांगतोय तो नमुना कोल्हापूरच्या बाजूचा, उसाच्या पट्ट्यातला.

अण्णांच्या आयुष्यात खरे आकडे दोनच. दोन आणि आठ. लस ठेवायची ती दोन ते आठ अंश सेल्सिअसला, हे लसीकरणाच्या खात्यातल्या शिपायालासुद्धा माहीत असतं. अण्णा मात्र त्या सहा अंशांच्या पट्टीत राहायलाच गेलेले आहेत. दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांचा आयएलआर असतो. हा आडवा फ्रिज, झाकण वरून उघडणारं, कारण गार हवा जड, ती तळाशी बसून राहते. दार पुढून उघडलं तर ती पायावर सांडून जाते. भिंतीपासून तो वीतभर लांब, त्याला स्टॅबिलायझर स्वतंत्र, प्लगही स्वतंत्र. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तापमान बघून वहीत लिहायचं. रविवार असला तरी, पाडवा असला तरी, घरात पाहुणे जेवायला बसलेले असले तरी. आता आत एक यंत्र बसवलंय, ते पारा चढला की मोबाइलवर संदेश पाठवतं. अण्णांना या यंत्राविषयी विशेष आदर नाही. ते उठायच्या आत अण्णा उठलेले असतात.

लसीला ऊन बाधतं हे सगळ्यांना कळतं. गारठा बाधतो हे अण्णांना कळतं. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी या लसी एकदा गोठल्या की मेल्या. दिसायला कुपी तशीच राहते, सुई तशीच टोचते, पोर तसंच रडतं, उपयोग मात्र शून्य. म्हणून डीप फ्रीझरमधला दगडासारखा आईसपॅक थेट लसवाहक डब्यात घालायचा नाही. तो बाहेर काढून ठेवायचा, घाम फुटू द्यायचा, मग कानाशी नेऊन हलवायचा. आत पाणी वाजलं की झाला तयार. लसीकरण सत्राच्या दिवशी सकाळी अण्णा दवाखान्याच्या ओट्यावर बसून एकेक आईसपॅक कानाशी धरतात, डोळे मिटतात, हलवतात आणि बाजूला ठेवतात. नारळ पारखणाऱ्या गिऱ्हाइकाची एकाग्रता त्यापुढे काहीच नाही. तेवढ्यात कुणी "अण्णा, चहा घेणार का?" म्हणालं तर हात वर करून त्याला थांबवतात. ऐकू येत नाही ना.

नव्याने रुजू झालेल्या एका डॉक्टरसाहेबांनी उन्हाळ्यात कोल्ड्रिंकची बाटली आयएलआरमध्ये ठेवली. माणूस शहरातला, वय कोवळं, त्याला वाटलं फ्रिज आहे. संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर साठा नोंदवही आली. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'सदर आयएलआरमध्ये लसीव्यतिरिक्त एक (१) बाटली आढळली. बॅच नंबर पाहिला. व्हीव्हीएम नाही. सबब बाद करण्यात आली.' खाली तारीख, सही, तापमान. बाद करण्यात आली म्हणजे प्यायली कुणी, ते वहीत नाही.

(व्हीव्हीएम म्हणजे कुपीवरचा तो गोल आणि त्यातला चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेतो लस चालते. दोघांचा रंग एक झाला की फेकायची. एवढी साधी, बिनचूक आणि न बोलणारी दुसरी खूण सरकारी कामकाजात मी पाहिलेली नाही.)

घरी वेगळं काही नाही. घरच्या फ्रिजमध्येही थर्मामीटर लटकतो. वहिनी सांगतात, "दार उघडायच्या आधी काय काढायचं त्ये पाठ करून यायला लागतंय. उघडून इचार करायचा न्हाई." आणि ते चार संदेश! टोचून झालं की आईला चार गोष्टी सांगायच्या असा नियम आहे: कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो नि झाला तर काय करायचं, पुढची खेप कधी, आणि कार्ड जपून ठेवून येताना घेऊन यायचं. इतकी वर्षं हे बोलून बोलून अण्णांच्या जिभेला तेच वळण पडलंय. पाहुण्याला चहा दिला तरी ते म्हणतात, "हा आल्याचा चहा, सर्दीवर चांगला. जीभ भाजंल, घाबरायचं न्हाई. दुसरा चहा चार वाजता. कप हितंच ठेवून जावा."

वीज गेली की मात्र हा विनोदी माणूस भयंकर होतो. वळवाच्या पावसात तारा तुटतात, खांब झुकतात, गाव अंधारात बसून भुईमुगाच्या शेंगा खातं. अण्णा वायरमनला फोन लावतात. वायरमन इतर कुणाचाही उचलत नाही, अण्णांचा पहिल्या घंटीला उचलतो, कारण त्याच्या दोन्ही पोरांच्या लसींच्या तारखा त्याच्या बायकोला नसतील एवढ्या अण्णांना पाठ आहेत. खोलीच्या भिंतीवर तक्ता लावलेला असतो: वीज गेल्यास काय करावे, लस कुठे हलवावी, कुणाला कळवावे. पहिली ओळ: 'झाकण उघडू नये.' एकदा अंधारात वरिष्ठांनी तपासणीला म्हणून झाकणाला हात घातला. अण्णांनी त्यांचा हात धरला. हुद्द्याने तीन पायऱ्या वरचा हात! साहेबांनी तो मुकाट्याने मागे घेतला. बढतीच्या वेळी ही गोष्ट कुणाला आठवली की नाही, ठाऊक नाही. बढती झाली नाही एवढं खरं.

आता नियोजन. बाहेरच्या माणसाला वाटतं, लसीकरण म्हणजे सुई. प्रत्यक्षात ते नव्वद टक्के बेरीज-गुणाकार आहे. लोकसंख्या घ्या, जन्मदराने गुणा, वर्षाची बाळं काढा, बाराने भागा, डोसांनी गुणा, मग वाया जाणाऱ्या लसीचा गुणक लावा. पंचवीस टक्के वाया जाणार धरलं तर गुणक १.३३, पन्नास टक्के धरलं तर २. त्यावरून महिन्याची मागणी. ती जिल्ह्याकडे, जिल्ह्याची परिमंडळाच्या भांडाराकडे, त्यांची पुण्याला राज्य भांडाराकडे. आणि त्याच वाटेने लस खाली येते, प्रत्येक मुक्कामी गारव्यात. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून ही उतरंड उभी आहे. गुणक मात्र अण्णांनी खाजगी आयुष्यातही घेतला. मुलीच्या लग्नात आचाऱ्याने विचारलं, "पानं किती?" अण्णा म्हणाले, "सहाशे. बुंदी गुणिले एक पूर्णांक तेहतीस, मठ्ठा गुणिले दोन." आचाऱ्याने मठ्ठा दुप्पट का हे विचारलं. अण्णांनी सांगितलं, एकदा भांडं उघडलं की चार तासांत संपवायचा, उरला तर टाकायचा. मठ्ठा उरला, आणि चार तासांनी टाकलाही. व्याही अजून बोलतात.

तरी हा माणूस स्वभावाने चिक्कू. टाचणी वाकली तर सरळ करून वापरणारा, पाठकोऱ्या कागदावर हिशेब करणारा. आणि इथेच त्याच्यातली गंमत आहे. बीसीजीची कुपी दहा डोसांची. एकदा कालवली की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. उपकेंद्रावर दुपारपर्यंत एकच बाळ आलेलं. नवी सिस्टर घाबरत घाबरत फोन करते, "अण्णा, एकच लेकरू आलंय. पुढच्या सत्राला बोलवू का? नऊ डोस वाया जातील." पाठकोऱ्या कागदावर लिहिणारे अण्णा फोनवर ओरडतात, "फोडा! एकासाठी फोडा! त्ये परत येईल हे तुमाला कुणी सांगितलं?" नियमही तोच आहे, एका बाळासाठीसुद्धा कुपी उघडायची. पण आढाव्यात वाया गेलेल्या लसीबद्दल विचारणा होते तेव्हा नियम कुणाला आठवत नाही. बोलणी खायला अण्णाच पुढे उभे राहतात.

अण्णांचा नकाशा बघण्यासारखा असतो. सूक्ष्म कृती आराखड्याला जोडायचा हातकाढीव नकाशा. त्यात ग्रामपंचायत कशीबशी एका चौकोनात उरकलेली, देवळाला नुसता ठिपका. पण वीटभट्ट्या, उसाचे फड, मेंढरं बसवलेली रानं, पुलाखालची पालं, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या, सगळं लाल शाईत. गावातली बाळं कुठं पळून जात नाहीत, आशाताईंच्या यादीत ती असतातच. चुकतात ती लाल शाईतली. एखाद्याने रानात मेंढरं बसवली की अण्णांना फोन जातो, आणि अण्णा मेंढरांची संख्या विचारत नाहीत.

दिवाळी सरते, गळीत हंगाम सुरू होतो, बीड आणि अहिल्यानगरकडून टोळ्या उतरतात. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. अण्णा मुकादमाला गाठतात.

"मुकादम, टोळीत कोयते किती?"

"बारा हायती की."

"कोयत्याचं ऱ्हाऊ द्या. झोळ्या किती?"

मुकादम गोंधळतो. त्याने उचल दिली ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्याचा हिशेब त्याला पाठ. झोळीत लटकणाऱ्या पोराचा हिशेब त्याच्या वहीत नाही. तो अण्णांच्या वहीत.

पण सत्र ठेवायचं कधी? दिवसा कोप्यांवर जावं तर म्हातारं कुत्रंच भेटतं. माणसं पहाटेच्या अंधारात फडावर गेलेली. वरून आलेलं परिपत्रक सांगतं, सकाळी नऊ ते दुपारी चार. अण्णांनी ते डोक्याला लावलं, घडी करून खिशात ठेवलं आणि सत्र कारखान्याच्या यार्डात नेलं. तिथे उसाच्या बैलगाड्या गव्हाणीवर नंबर लागायची वाट बघत तास न् तास उभ्या असतात. बाया गाडीच्या सावलीत, पोरं बायांच्या मांडीवर. जिथे लोकांना थांबावंच लागतं तिथे जाऊन टोचायचं, एवढं साधं शास्त्र; पण ते कुठल्या पुस्तिकेतून येत नाही, यार्डात उभं राहिलं की येतं.

"कार्ड?"

"कारड गावाकडं हाय, पेटीत."

अण्णा खचत नाहीत. ते पोराचं अंगच कागदपत्र म्हणून वाचतात. "डाव्या मांडीत टोचलं होतं का उजव्या दंडात?" मांडीत म्हणजे पेंटा, नऊ महिन्यांनंतर उजव्या दंडात म्हणजे गोवर-रुबेला. मग मोबाइलवर शोध, गावाकडच्या आशाला फोन, तिची चौकशी, तिच्या गावच्या पावसाची चौकशी. शेवटी पोराचा हिशेब जुळतो, आणि मग आई म्हणते, "नका टोचू भाऊ. ताप आला तर रातीत रडंल. म्या कोपीवर बसले तर खाडा पडंल, मुकादम पैसं कापतोय."

शहरात बसून लसीला नकार देणाऱ्यांवर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी हे वाक्य एकदा ऐकावं. यात अंधश्रद्धा कुठे नाही, यात रोजगार आहे. अण्णा तिला व्याख्यान देत नाहीत. तापाचं औषध किती आणि कधी पाजायचं ते दाखवतात, आणि मग मुकादमाकडे वळून म्हणतात, "उद्याचा हिचा खाडा मांडू नका. तुमच्या नातवाची पेंटा तीन कधी हाय, सांगू का?" मुकादम गप्प. नातू बीडला असतो. अण्णांना त्याची तारीख कशी माहीत, हे कोडं मुकादमाला हंगाम संपेपर्यंत सुटत नाही. (माहीत नसतेच. पण वयावरून आठवडे काढता येतात.)

पल्स पोलिओ म्हणजे अण्णांची दिवाळी. १९९५पासून एकही चुकवलेली नाही. रविवारी बूथ, पुढचे दिवस घरोघरी, डाव्या करंगळीवर काळी खूण, दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स'. घरातल्या सगळ्या पोरांना पाजलं की पी, एखादं राहिलं की एक्स. एक्सचा पी होईपर्यंत अण्णांना भाकरी गोड लागत नाही. लग्नासाठी नुकताच डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवरही ते खडू ओढतात, यजमान ओरडला तर म्हणतात, "पी हाय, एक्स न्हाई. शोभा वाढली." मोहिमेच्या उद्घाटनाला एक मोठे पाहुणे दोन तास उशिरा आले. सगळ्या लसींमध्ये उष्णता सर्वांत कमी सोसते ती हीच तोंडावाटेची पोलिओची लस. त्या दिवशीचा वर्तमानपत्रातला फोटो बघण्यासारखा आहे: पाहुणे घामाघूम, अध्यक्ष घामाघूम, आणि मागून एक हात येऊन लसवाहक डब्यावर छत्री धरून आहे.

देशातला जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ला भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. अण्णांनी पेढे वाटले आणि पुढच्या फेरीचा आराखडा काढला. शेजारच्या देशांत अजून आहे ना. त्यांची खरी परीक्षा झाली ती २५ एप्रिल २०१६ला. त्या दिवशी देशभर जुनी तीन प्रकारच्या विषाणूंची लस बंद करून दोन प्रकारांची आणायची होती, आणि जुन्या कुपीचा एकही थेंब कुठे उरता कामा नये असा हुकूम होता. ज्या माणसाने वीस वर्षं एकेक कुपी पोटच्या पोरासारखी सांभाळली, त्यालाच ती शोधून शोधून नष्ट करायला लावलं. अण्णांनी केलं. पंचनामा केला, मोजणी दोनदा केली, आणि त्या संध्याकाळी तापमान लिहायला विसरले, असं सहकारी सांगतात. माझा विश्वास नाही. अण्णा विसरत नसतात.

कोविडमध्ये अण्णांना काही महिने प्रतिष्ठा मिळाली. १६ जानेवारी २०२१ला ती लस सुरू झाली, आणि रस्त्यात बघून वाट बदलणारी माणसं "अण्णा, आमच्या पाहुण्याचं एक बघा की" म्हणत दारात आली. अण्णा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे: "कोविन सांगंल तसं." साठा वाढला आणि प्रतिष्ठा ओसरली. त्यांना त्याची खंत नाही. त्या काळात घरात बसून राहिलेल्या, नियमित लसी चुकलेल्या बाळांची यादी त्यांनी त्याच गर्दीत काढायला घेतली होती. २०२२च्या शेवटी मुंबईत गोवंडी, पुढे भिवंडी, मालेगाव इथे गोवराने डोकं वर काढलं आणि पोरं दगावली, तेव्हा वर्तमानपत्रांना आश्चर्य वाटलं. अण्णांना नाही.

तालुक्याच्या आढावा बैठकीत त्यांना कुणी शेजारी बसवून घेत नाही. ज्या उपकेंद्राचं काम १०४ टक्के दिसतं तिथे सगळे टाळ्या वाजवतात, अण्णा उठून विचारतात, "शंभरावरची चार पोरं कुठली? जन्माला न येता लस घेतली का?" उद्दिष्टाचा आकडाच चुकीचा आहे, बाहेरची बाळं मोजण्यात आलेली नाहीत, हे सांगायची ही पद्धत. अधिकाऱ्यांना ती आवडत नाही. मलाही आवडली नसती. बैठक लांबते, जेवण गार होतं, आणि गार झालेलं जेवण अण्णा एकटेच समाधानाने जेवतात.

शेजारी म्हणून हा माणूस सोसवत नाही, बारशाला बोलवावासा वाटत नाही, कारण नाव काय ठेवलं हे न विचारता तो पाळण्यात वाकून बाळाचा दंड बघतो. तो निवृत्त होतो तेव्हा त्याच्या जागी भरती लवकर होत नाही, खोलीची किल्ली कुणा कंत्राटी मुलाकडे जाते आणि त्याला सकाळ-संध्याकाळ फोन येऊ लागतात: "किती हाय?" मुलगा सांगतो, "चार." पलीकडून फोन ठेवला जातो.

अण्णांच्या वतीने एक विनंती. घरात दीड वर्षाच्या आसपासचं मूल असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड आजच काढून बघा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो, आणि राहून जातो तो नेमका हाच, कारण तोवर मूल पळायला लागलेलं असतं आणि आईची रजा संपलेली असते. सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. कार्ड घेऊन जा.